गावातल्या पंधरा जणांना जैवविविधतेच्या नोंदी शिकवायच्यात. काय शिकवू, काय सोडू?

खाडीपट्टा (मूळ प्रश्न):

दापोली तालुक्यातलं किनाऱ्याचं गाव. दीड-दोन किलोमीटर पुळण (वाळूचा किनारा), दक्षिणेला खाडी, खाडीत कांदळवनाचा पट्टा, त्याच्या मागे खारभूमीचा बांध आणि वर सडा (कातळाचं पठार). ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने गावातल्याच पंधरा जणांना शिकवायचं ठरवलंय: चार कासवमित्र, बचत गटातल्या पाच जणी (सगळ्या ओहोटीला तिसऱ्या-कालवं, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या), तीन होडीवाले आणि कॉलेजातली तीन पोरं.

कागदावर विषय ‘बदलत्या हवामानात जैवविविधतेचं संवर्धन’. याच नावाचं एक शिबिर आधी होऊन गेलंय. पडद्यावर हिमनग वितळले, दुपारी जेवण झालं, संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली. दुसऱ्या दिवशी खाडीवर जाणाऱ्या बाईच्या किंवा गस्तीवरच्या पोराच्या कामात काडीचा फरक नाही. ते पुन्हा नको.

विचारायचंय ते असं. मार्चनंतर हॅचरीतली (कासवांची अंडी उबवायच्या कुंपणातली) घरटी तापतात. तापमान कुठे, कसं, किती वेळा घ्यायचं आणि आकडा बघून करायचं काय? खाडीत एका ठेकेदाराने गेल्या पावसाळ्यात लावलेली कांदळाची रोपं जवळजवळ सगळी गेली. जागा निवडायला गावातली माणसं शिकू शकतील का? सड्यावर काय नोंदवायचं? पैशाला हात आखडता आहे, महागडे डेटालॉगर (आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं) परवडणार नाहीत. आणि पंधरा जणांना बसवायचं तरी कधी? इथे कोणी ना कोणी कायम कामात असतं.

पुळणवाट:

आधी एक चाळणी लावा. जी नोंद घेतल्यावर कोणाच्याही हातून वेगळं काही होणार नाही, ती पहिल्या वर्षी शिकवूच नका. हवेतली आर्द्रता, वाऱ्याचा वेग वगैरे हौसेने लिहिलं जातं आणि वही कपाटात जाते. पंधरा जणांत मिळून पाच-सहा मोजमापं पुरेत, पण दोन माणसांनी वेगवेगळी घेतली तरी ती जुळली पाहिजेत.

सुरुवात कासवापासून करा, कारण तिथे आकडा आणि कृती यांत एका दिवसाचंही अंतर नसतं. मर्यादाही आधीच सांगून टाका: ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी हलवणं हे वनविभागाने नेमलेल्या कासवमित्रांचं काम. बाकी अकरा जणांनी माग ओळखायचा, कळवायचं, हात लावायचा नाही.

माग साधारण ७०-८० सेंमी रुंद असतो, डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे आलटून-पालटून. येण्या-जाण्याच्या दोन रेघा आणि मधे उकरून दाबलेली वाळू असेल तर घरटं. नुसताच वळसा असेल तर मादी अंडी न घालता परत गेली. सळई खुपसून मऊ जागा शोधायची सवय मोडा. वरची दोन-तीन अंडी फुटतात, आणि फुटलेल्या अंड्याचा बलक बाकीच्यांवर बुरशी आणि मुंग्या आणतो. हातानेच थर काढत जा.

हलवायची असतील तर अंडी घातल्यापासून सहा तासांच्या आत, तीन तासांत झालं तर उत्तम. काही तासांतच गर्भ वरच्या बाजूने कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो पापुद्रा सुटतो आणि गर्भ मरतो. बाहेरून काहीच कळत नाही, पन्नास दिवसांनी कळतं. म्हणून बादलीच्या तळाशी घरट्यातलीच ओली वाळू, अंडी एकेक करून, जशी होती त्याच बाजूने वर, आणि मोटारसायकलवरून हादरे देत नेणं बंद. पाण्याने धुवायची नाहीत. हाताला डासांचं मलम लावलेल्या माणसाने त्या रात्री फक्त वही धरायची.

हॅचरीतला खड्डा ४५ सेंमी खोल, गळा १५-२० सेंमी, तळाशी सुरईसारखा रुंद. दोन घरट्यांत मध्यापासून मध्यापर्यंत एक मीटर. जागा ठरवण्याआधी उधाणाच्या भरतीला मीटरभर खोल चाचणीखड्डा खणून बघा. ७५ सेंमीच्या आत पाणी दिसलं तर ती जागा नको. आणि दरवर्षी त्याच वाळूत हॅचरी नको, जुनी बुरशी नव्या अंड्यांना लागते.

आता तापमान. दुपारी पाय भाजत असले तरी ४५ सेंमी खाली दिवस-रात्रीचा फरक फार थोडा असतो. म्हणून वाचन दिवसातून एकदाच, पण रोज ठरल्या वेळी. सकाळी सात ठेवा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा लांब वायरचा डिजिटल थर्मामीटर चालतो. तो दशांश दाखवतो म्हणून दशांशापर्यंत खरा असतो असं नाही, एक अंशाने चुकणारे नग सर्रास निघतात. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा भरा, चुरा जेमतेम बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळा आणि वायरचं टोक दहा मिनिटं मधोमध धरा. शून्य यायला हवं. ०.७ आलं तर नगाच्या मागे चिकटपट्टीवर ‘०.७ वजा’ लिहा आणि प्रत्येक वाचनातून वजा करा. दोन अंशांच्या वर चुकणारा नग दुकानदाराला परत. तासाभराचा हा पाठ पंधराही जणांकडून पहिल्याच दिवशी करून घ्या.

एक टोक अंडी ठेवतानाच ढिगाच्या मध्यावर. नंतर घरटं उघडून ते घालता येत नाही. दुसरं त्याच खोलीवर, पण अंडी नसलेल्या वाळूत, जवळच्या घरट्यापासून मीटरभर तरी लांब. हा कोरा खड्डा फार कामाचा. वाढणारे गर्भ स्वतः उष्णता सोडतात, आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात घरटं आजूबाजूच्या वाळूपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त तापू शकतं. म्हणजे कोऱ्या खड्ड्यात ३२ दिसतंय आणि घरटं तिसाव्या दिवसाच्या पुढे गेलंय, तर ते ३४-३५ ला जाणार हे आजच कळतं. ३५ च्या वर काही दिवस राहिलं की जवळजवळ तयार झालेली पिल्लं कवचातच मरतात.

कृतीचे आकडे हॅचरीच्या खांबावर मोठ्या अक्षरांत लावा. कोरा खड्डा ३१ ओलांडला की सावली. घरटं सलग तीन दिवस ३३ च्या वर राहिलं की सावलीचा दुसरा थर आणि संध्याकाळी पाणी. हे आकडे धोक्याच्या बरेच अलीकडे मुद्दाम ठेवायचे, कारण वरून सावली केली तरी खालची वाळू उतरायला काही दिवस घेते.

सावली म्हणजे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, जमिनीपासून दीड मीटर वर, चारी बाजू उघड्या. बाजूने बंद केलीत की गरम हवा आतच कोंडते. झावळ्याही चालतात, फक्त नीट बांधा. पाणी विहिरीचं, झारीने, चौरस मीटरला पाच लिटर. म्हणजे पाच मिलिमीटर पाऊस. त्याने वरची सात-आठ सेंमी वाळू ओली होते, अंड्यांपर्यंत पाणी पोचत नाही आणि पोचूही नये. कणांमधली हवा पाण्याने भरली तर गर्भ गुदमरतो. दुपारी छतावरच्या टाकीचं तापलेलं पाणी घालणारेही भेटतात, त्यांच्या हातून झारी काढून घ्या.

ज्या घरट्यात वायर नाही त्याचा थर्मामीटर म्हणजे तारीख. ४५-४७ दिवसांत फुटलेलं घरटं गरम होतं, ५८-६० दिवस लागले तर थंड.

पिल्लं निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उघडून मोजणी करायची. निम्म्याहून मोठं कवच असेल तर एक धरायचं, बारीक तुकडे सोडायचे. न फुटलेली अंडी उघडून बघा, नाक धरून का होईना. सुरुवातीच्याच अवस्थेत मेलेले गर्भ जास्त निघाले तर बहुधा हलवताना चुकलं. पूर्ण वाढून मेलेले जास्त असतील तर उष्णता किंवा पाणी. अंड्यात काहीच दिसलं नाही म्हणून ‘फळलंच नाही’ असं लिहू नका, पहिल्या काही दिवसांत मेलेला गर्भ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वहीत ‘काही दिसलं नाही’ इतकंच लिहा.

मर्यादवेल:

वरचं बहुतेक पटलं, पण सावलीबाबत एक गोष्ट शिकाऊ माणसांना स्पष्ट सांगा. कासवाचं लिंग अंड्यातल्या तापमानावर ठरतं, उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. पन्नास दिवसांचं घरटं असेल तर साधारण सतराव्या ते चौतिसाव्या दिवसात. २९ ते ३१ च्या दरम्यान कुठेतरी नर-मादी निम्मे-निम्मे, त्याच्या वर माद्या वाढतात, खाली नर. हे ऐकलं की उत्साही मंडळी डिसेंबरपासूनच जाळी ताणून ‘नर तयार करायला’ लागतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात. तेव्हाची घरटी आधीच थंड, त्यात जाळी, म्हणजे उबवण लांबते आणि त्या हंगामाचा नैसर्गिक समतोल तुम्हीच बिघडवता. शिवाय पिल्लू बघून नर की मादी कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतली तपासणी लागते. त्यामुळे ‘आम्ही इतके नर सोडले’ असं कोणी बोलू लागला की थांबवा. जाळी पिल्लं मरू नयेत एवढ्यासाठी, आणि कोरा खड्डा सांगेल तेव्हाच.

दुसरं, हॅचरी हे वेगळ्या रोगावरचं औषध आहे. वेळासला २००२ च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं तेव्हा प्रश्न अंडी चोरणारे आणि कुत्री-कोल्हे हा होता. सगळी घरटी एका कुंपणात आणली की चोरी थांबते, पण ऊन लागलं तर सगळ्यांना एकदम लागतं. तुमच्या पुळणीवर भरतीरेषेच्या वर, राखण करता येईल अशा ठिकाणी घरटं असेल तर वनविभागाशी बोलून ते जागीच ठेवा, वर जाळीचा पिंजरा. पिंजऱ्याची भोकं पिल्लू बाहेर पडेल एवढी हवीत, नाहीतर पहाटे उठून उघडावा लागतो.

आणि पुळण रुंद राहील हेही प्रशिक्षणात घ्या. निसर्ग चक्रीवादळात (३ जून २०२०) श्रीवर्धन-दापोलीकडे सुरूची बनं आडवी झाली. जिथे ती अगदी वाळूच्या कडेपर्यंत लावली होती तिथे मादीला वर चढायला जागाच उरत नाही. त्या पट्ट्यात पुन्हा सुरू नको. मर्यादवेल (वाळूवर पसरणारी वेल) लावा: तीन-चार पेरं असलेला हातभर तुकडा, दोन तृतीयांश वाळूत, पावसाच्या सुरुवातीला, उधाणाची भरती पोचते त्याच्या वरच्या बाजूला. हॅचरीपासून मात्र पाच-सहा मीटर लांब, मुळं अंड्यांच्या ढिगात शिरतात.

खाडीपट्टा:

कोऱ्या खड्ड्याची कल्पना झकास आहे, याच हंगामात करतो. कांदळवनाबद्दल कोणी सांगेल का? ठेकेदाराने ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या पाटावर दोनेक हजार कांदळ रांगेत लावले होते. दिवाळीपर्यंत काड्या उरल्या.

तिवरकाठ:

रांगेत, चिखलाच्या पाटावर, सगळे कांदळ. तिन्ही चुका एका वाक्यात आल्या.

पहिला प्रश्न ‘कुठलं झाड लावू’ हा नसून ‘इथे झाड आपोआप का आलं नाही’ हा आहे. पावसाळ्यात खाडीचं पाणी बियांनी भरलेलं असतं. जिथे पाण्याची ये-जा आणि जमिनीची उंची बरोबर असते तिथे तिवर (कांदळासारखंच खाडीतलं झाड) स्वतःहून उगवतो. उगवला नाही म्हणजे तिथे उंची कमी आहे, किंवा पाणी अडलंय, किंवा म्हशी चरतात. यातलं काहीही दुरुस्त न करता रोप लावलं की ते मरणारच. तो चिखलाचा पाट मोकळाच राहू द्या, तुतवारांसारख्या पाणपक्ष्यांची ती खायची जागा आहे.

उंची मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. दहा मीटर पारदर्शक नळी, पाणी भरताना बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन बांबूंवर सेंटीमीटरच्या खुणा. एक बांबू आपसूक आलेल्या तिवर-चिपीच्या समुद्राकडच्या शेवटच्या झाडाशी, दुसरा लावायच्या जागी. दोन्हीकडच्या पाण्याच्या खुणांची वजाबाकी म्हणजे उंचीतला फरक. लावायची जागा त्या झाडापेक्षा वीतभरही खाली असेल तर लावू नका. एका माणसाने नळीचं तोंड अंगठ्याने दाबून ठेवलं आणि काढायचं विसरला तर वाचन साफ चुकतं, म्हणून वाचताना दोन्ही तोंडं उघडी आहेत असं मोठ्याने म्हणायची सवय लावा. नळी दोनदा, जागा बदलून. दोन वाचनांत तीन सेंमीच्या वर फरक आला तर तिसऱ्यांदा.

भरती कुठवर येते ते बघायला खडूने रंगवलेली काठी रोवा, पाणी पोचलं तिथपर्यंत खडू धुऊन जातो. उधाणाला आणि भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) एकेकदा बघा. होडीवाल्यांना हे शिकवायची गरज नाही, ते तुम्हाला शिकवतील. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ (अष्टमीला सहा, अमावास्या-पुनवेला सव्वाअकरा-बारा) हा हिशेब त्यांच्या तोंडी असतो. तक्त्याशी ताडून बघा, कामापुरता जुळतो.

पाणी अडलंय का याचं उत्तर बहुधा बांधात असतं. उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडपेची वाट) गाळाने भरली, झडप गंजून अर्धवट उघडी राहिली, किंवा रस्त्याखालचा पाइप वर बसवला, की आतलं पाणी साचतं, उन्हाळ्यात आटून वर मिठाची पांढरी साय धरते आणि आतला तिवर शेंड्याकडून वाळत येतो. क्षारता मोजायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, एकच पुरे. दर वेळी आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्यावर आणा, आणि एका ठरलेल्या खांबापाशी, भरतीच्या टोकाला वाचा. समुद्राचं पाणी दर हजारी ३५ च्या आसपास असतं. आत उन्हाळ्यात ५०-६० दिसलं तर रोपवाटिका विसरा आणि आधी उघाडी साफ करायचा ठराव करा.

बांधाचा दुसराही मुद्दा आहे आणि हवामान बदलाशी थेट संबंध असलेला तोच. समुद्र वर सरकला की कांदळवन जमिनीकडे सरकू पाहतं. मागे पक्का बांध असेल तर सरकायला जागा नाही, पुढून पाणी आणि मागून दगड. म्हणून वनाची जमिनीकडची कडा आणि समुद्राकडची कडा अशा दोन्ही ठिकाणी पाच-पाच खुंट्या ठोका आणि दरवर्षी मे महिन्यात खुंटीपासून पहिल्या रोपापर्यंतचं अंतर टेपने मोजा. कुठली पडीक खाजणं मोकळी ठेवता येतील हे समितीला त्यातून ठरवता येईल. आत शेती चालू असेल तर बांध तोडा म्हणायला जाऊ नका, भांडण होईल आणि रास्तच होईल. तिथे खाऱ्या जमिनीत तगणारं भाताचं वाण, पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राचं किंवा जुना राता, हा विषय काढा.

तरीही रोपवाटिका करायचीच असेल तर: कांदळाची शेंग झाडावरच रुजलेली असते. तिच्या वरच्या टोकाला फळाखाली पिवळसर कडं दिसलं आणि हलक्या पिळाने सुटून आली तरच पक्की. ओढून तोडलेली हिरवी शेंग मरते. लावताना एक तृतीयांश गाळात, सरळ, टोक मोडू न देता. तिवराचं बी दिवसभर पाण्यात ठेवलं की साल सुटते, मग पिशवीतल्या गाळावर नुसतं दाबायचं, पुरायचं नाही. सावलीत काही दिवस ठेवलेल्या शेंगा खेकडे ताज्या शेंगांपेक्षा कमी कुरतडतात.

लाकूड-चाऱ्याबद्दलही सांगा. तिवर तोडला तरी खालून फुटतो, कांदळ फुटत नाही. पानांच्या मागे जून लाकडावर कोयता पडला की ती फांदी गेलीच. अर्थात कायद्याने दोन्हींना कोयता लावायचा नाही, मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे.

ओहोटीवाली:

पाच जणी तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या आहेत आणि अजून त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही! खाडीतला बदल सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो.

त्यांना द्यायचं काम सोपं आहे. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर लोखंडी चौकट (लोहार गजाची करून देतो), अमावास्या-पुनवेच्या ओहोटीला, खडपापासून पाण्यापर्यंत एका सरळ रेषेत दहा ठिकाणी. चौकटीतला चिखल बोटभर खोलपर्यंत चाळायचा आणि तीन आकडे: जिवंत, त्यातल्या पट्टीवरच्या खुणेपेक्षा लहान किती, आणि मेलेल्या पण अजून बिजागरीला जोडलेल्या किती. हा तिसरा आकडा सगळ्यात बोलका. सुटे शिंपले वर्षानुवर्षं पडून असतात, पण दोन्ही पाळी जोडलेली रिकामी शिंपली म्हणजे मरण अलीकडचं. एकदम मुसळधार पाऊस होऊन खाडी आठवडाभर गोडी राहिली की अशा जोडशिंपल्यांचा सडा पडतो. त्यानंतर पुढच्या हंगामात कुठला पट्टा काढायचा नाही हे त्या पाच जणीच ठरवू शकतात, बाहेरच्याने येऊन बंदी घातली तर ती टिकत नाही.

चुकतं ते चौकट टाकताना. हात आपसूक जिथे भोकं दिसतात तिथे जातो, मग आकडे फुगतात. दोरीवर दर पाच मीटरला गाठ मारा, गाठ येईल तिथे चौकट, खडक आला तर ‘खडक, शून्य’ लिहा. शून्य लिहायला लोक लाजतात, त्याचा सराव घ्या.

रोजंदारी द्या. ओहोटीचे ते तीन तास म्हणजे त्यांचा बाजार आहे.

सडेकरी:

सड्याचं थोडक्यात. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून पडलेली जमीन आहे, म्हणून चिऱ्याच्या खाणीला किंवा माती टाकून कलमं लावायला पहिली जाते. लोक जैवविविधता नोंदवहीत तारखेसह आणि फोटोसह नोंद असेल तर निदान ग्रामसभेत दाखवायला काहीतरी असतं.

कॉलेजच्या तीन पोरांना हे द्या. मीटर बाय मीटरचे दहा चौकोन, कातळाला भोक न पाडता चार कोपऱ्यांना रंगाचे ठिपके: चार पातळ मातीच्या थरावर, चार पाणी साचणाऱ्या डबक्यांच्या कडेला, दोन उघड्या कातळावर. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पंधरा दिवसांनी एकदा. गेंद, सीतेची आसवं, कवला, दिपकाडी यांतलं काय फुलात आहे एवढंच. सगळ्या वनस्पती ओळखायचा हट्ट धरला तर दुसऱ्या फेरीलाच पोरं कंटाळतात. दिपकाडी पावसाच्या सुरुवातीलाच फुलते आणि लगेच संपते, त्यामुळे पहिली फेरी पहिल्या जोरदार पावसानंतर आठवड्यात हवीच, मग तो पाऊस कुठल्याही तारखेला येवो. सोबत पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडता येईल. २.५ मिमी किंवा जास्त तो पावसाचा दिवस. जूनमधल्या दोन पावसांतला कोरडा खंड किती दिवसांचा हे बघायचं: रोपं उगवली आणि मग खंड पडला तर पातळ मातीवरची जळतात, डबक्याकडेची तगतात. कातळशिल्पं असतील तर तिथे ठिपकेसुद्धा नकोत.

खाडीपट्टा:

सगळ्यांचे आभार. वेळापत्रकाचं काय करू, आणि माणसं शिकली की नाही हे कसं तपासू?

पुळणवाट:

वेळापत्रक माणसांच्या कामावरून आखा. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा होडीवाले मोकळे. बसून शिकायचं ते आणि तिवराचं बी गोळा करणं याच काळात. शेतीची लावणी आहे हे धरून दुपारचे दोन तासच घ्या. गणपतीत काही ठेवू नका, मुंबईकर आले की कोणी येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हॅचरीचं कुंपण, चाचणीखड्डा, थर्मामीटरची बर्फात तपासणी. कुंपणाची जाळी फूटभर वाळूत गाडा, नाहीतर कुत्री खालून शिरतात. डिसेंबरपासून गस्त. मार्च ते मे आंबा-काजू, त्यात शिमगा, म्हणजे नेमकी घरटी तापायच्या वेळी माणसं नसतात. सकाळच्या वाचनाची पाळी फेब्रुवारीतच नावानिशी लावून ठेवा, प्रत्येक पाळीला एक बदली माणूस.

तपासणी लेखी नको. दोघांना एकाच कामाला वेगवेगळं पाठवा: त्याच उघडलेल्या घरट्यातली कवचं, तीच दोरी आणि चौकट, त्याच दोन झाडांमधली नळी. आकडे दहा टक्क्यांच्या आत जुळले तर पास. नाही जुळले तर तिसरा माणूस दोघांचं काम बघेल. बहुतेक वेळा मोजणी ठीक असते आणि ‘काय मोजायचं’ याची समजूत वेगळी असते, उदाहरणार्थ अर्ध कवच धरायचं की नाही. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

वही शिवलेली, पेन्सिलने, खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. मोबाइलवर फोटो काढून रोज गटात टाका, पण घरट्याची नेमकी जागा उघड्या गटात किंवा सार्वजनिक नकाशावर टाकू नका.

एक राहिलं. थर्मामीटरच्या वायरला घरट्याचा नंबर अंडी ठेवायच्या आधीच पक्क्या शाईने, दोन्ही टोकांना. वाळू भरून झाल्यावर दहा वायरी बाहेर येतात आणि सगळ्या काळ्याच असतात.